मुद्दाम कुजू दिलेली द्राक्षं: शातो दिकेमबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जेवणानंतरच्या गोड वाईनबद्दल लिहिताना मी फ्रान्समधल्या शातो दिकेमचं (शातो म्हणजे वाडा आणि त्याची द्राक्षबाग, वाईनलाही तेच नाव) नाव घेतलं आणि सहज लिहून गेले की ही वाईन कुजलेल्या द्राक्षांची असते. झालं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत आणि या वेळचं सदर पूर्ण दिकेमला दिलंय. काही पत्रं फार लांब होती, ती थोडी छाटलीत, राग मानू नका.

निफाडहून एक बागायतदार: ताई, आमच्याकडे तीन पिढ्या द्राक्षबाग आहे. माल काढणीला आला आणि अवकाळी झाला की मणी तडकतात, दोन दिवसात घडात बुरशी दिसते आणि व्यापारी गाडी बांधावरूनच परत फिरवतो. तुम्ही म्हणता तिकडे लोक ह्याच बुरशीची वाट बघत बसतात. माझा पुतण्या आता म्हणतो काका आपण पण कुजका माल वाईनरीला देऊ, सोन्याच्या भावात जाईल. चेष्टा करता का खरंय? आणि खरं असेल तर आमची बुरशी वाईट न त्यांची चांगली, असं का?

दादा, चेष्टा अजिबात नाही, पण पुतण्याला आधी थांबवा.

बुरशी एकच. बोट्रायटिस सिनेरिया, तुमच्या औषधवाल्याकडे नाव घेतलंत तर तो लगेच डबा काढून देईल. फरक बुरशीत नाही, ती कधी येते आणि आल्यावर हवा कशी असते यात आहे. बोर्दो शहरापासून आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर सोतेर्न नावाचा भाग आहे, तिथल्या एका टेकाडावर दिकेमची बाग. खाली सिरों नावाची छोटी नदी आहे, ती जंगलाच्या सावलीतून येते म्हणून पाणी गार, आणि ती जाऊन मिळते गारोनला, जी मोठी आणि त्या मानाने कोमट. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री थंडी पडायला लागली की या दोन पाण्यांमुळे पहाटे खोऱ्यात दाट धुकं साचतं, बुरशीला हवी ती ओल मिळते. मग अकरा-बारा वाजता ऊन येतं, वारा सुटतो, धुकं जातं आणि घड कोरडे ठणठणीत होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे बुरशी जगते पण माजत नाही.

आता मण्यात काय होतं बघा. बुरशीचे धागे सालीला इतकी बारीक भोकं पाडतात की डोळ्याला दिसत नाहीत, साल फाटत नाही, पण आतलं पाणी दुपारच्या उन्हावाऱ्यात उडायला लागतं. आधी पिवळ्या मण्यावर तपकिरी ठिपका, मग पूर्ण मणी जांभळट-तपकिरी पण अजून टम्म, आणि शेवटी तो आक्रसतो, सुरकुततो, वर राखाडी लव. दिसायला इतका घाण की तुम्ही तो हातात पण धरणार नाही. बुरशी थोडी साखर खाते, आंबटपणा त्याहून जास्त खाते, पण पाणी एवढं जातं की उरलेल्या रसात साखर, आम्ल, वास सगळंच दाटतं. शिवाय बुरशी स्वतःचंही काही त्यात घालते, ग्लिसरॉल वगैरे, त्याने वाईनला तो जाडसर गुळगुळीतपणा येतो, आणि मध, केशर, सुकवलेलं जर्दाळू, संत्र्याचा मुरंबा असे वास जे साध्या पिकल्या द्राक्षात नसतात. म्हणून नुसते बेदाणे भिजवून ही वाईन होत नाही, पाणी तर बेदाण्यातलंही गेलेलं असतं, पण तिथे बुरशीने काही केलेलं नसतं.

आता तुमच्याकडे का नाही. तुम्ही म्हणाल धुकं तर आमच्याकडे पण पडतं की, डिसेंबरात समोरचं खांबसुद्धा दिसत नाही. बरोबर, पण तेव्हा तुमचा मणी कुठे असतो? ऑक्टोबरात गोडी छाटणी केलेली, डिसेंबरात मणी हिरवा, आंबट, साखर भरायची बाकी. कच्च्या मण्यावर बोट्रायटिस आली तर ती नुसती कूज, बाकी काही नाही, सोतेर्नमध्ये सुद्धा. आणि फेब्रुवारी-मार्चला माल पिकतो तेव्हा हवा कोरडी, धुकं संपलेलं, ऊन तापायला लागलेलं, त्यात पाऊस आलाच तर तो धो-धो अवकाळी, साल तडकते, जखमेतून व्हिनेगरचे जंतू, माश्या, काळी बुरशी असलं सगळं एकदम घुसतं. तो माल वास घेऊन बघा, व्हिनेगरचा वास येईल. त्याची वाईन सोन्याच्या भावात तर सोडा, कोणी गटारात ओतायचे पैसे मागेल.

आणि गंमत म्हणजे हेच दिकेमलाही होतं. ऑक्टोबरात सलग पाऊस लागला की तिथेही तीच बुरशी राखाडी चिखल करून टाकते, अख्खं वर्ष हातचं जातं. ते कधी कधी झालंय ते खाली एका पत्राच्या उत्तरात येईलच. तर पुतण्याला सांगा, फवारणी चुकवू नको.

पुण्याहून एक वाचक: मी असं वाचलंय की दिकेमला एका वेलीपासून फक्त एक ग्लास वाईन निघते. हे मार्केटिंग वाटतं. एवढी कमी निघाली तर धंदा चालेल कसा?

मलाही आधी मार्केटिंगच वाटायचं, पण हिशोब करून बघा, बसतो. तिथे हेक्टरी साधारण साडेसहा-सात हजार वेली आहेत आणि सरासरी उतारा हेक्टरी ८-९ हेक्टोलिटर, म्हणजे ८००-९०० लिटर. भागाकार केला की वेलीमागे सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास येतं. एक ग्लास. सोतेर्नच्या कायद्यात हेक्टरी २५ हेक्टोलिटरपर्यंत परवानगी आहे, म्हणजे दिकेम परवानगीच्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानतं. एकरात सांगायचं तर एकरी साडेतीनशे लिटरच्या आसपास, आणि आपल्याकडे खायच्या द्राक्षाला एकरी आठ-दहा टन निघाले नाहीत तर बागायतदार कपाळाला हात लावतो.

एवढं कमी का, तर एक म्हणजे पाणी उडून गेलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे तोडणी. ही तोडणीच मला सगळ्यात भारी वाटते. आपल्याकडे बाग तोडायची म्हणजे एकदा शिरले की प्लॉट साफ. तिथे बुरशी सगळ्या घडांवर एकदम येत नाही, एका घडातसुद्धा अर्धे मणी आक्रसलेले, चार जांभळे टम्म, बाकीचे स्वच्छ पिवळे असे मिसळून असतात. म्हणून मजूर कात्री घेऊन ओळीतून जातात आणि फक्त तयार झालेले मणी, घडाचा तेवढाच तुकडा, काढतात. बाकीचं वेलीवर ठेवतात. काही दिवसांनी पुन्हा तीच ओळ. मग पुन्हा. साधारण पाच-सहा फेऱ्या होतात, काही वर्षी दहाच्या वर गेल्यात, आणि हे सप्टेंबर ते नोव्हेंबर असं लांबत जातं. मधे पाऊस आला तर दीडशेच्या आसपास माणसं बसून, पगार चालू. कोणता मणी तयार आणि कोणता नुसता सडका हे ओळखायला नजर लागते, नवीन माणसाला ते जमत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं तीच तीच माणसं येतात.

मणी किती गोड झालेला हवा त्याचाही आकडा ठरलेला आहे. रसातली सगळी साखर आंबली असती तर २० टक्के अल्कोहोल झालं असतं इतकी साखर, म्हणजे लिटरला साडेतीनशे ग्रॅमच्या जवळपास. तुमच्या ओळखीत कोणी नाशिककर असेल तर त्याला विचारा, खायची द्राक्षं अठरा-वीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) काढतात, इथे पस्तिशीच्या आसपास. त्याहून कमीही नको आणि फार जास्तही नको, फार जास्त झालं तर वाईन जड चिकट होते, ताजेपणा जातो. हा तोल दिकेमवाले फार जपतात.

मग दाबणी. इथे एक उलटी गोष्ट आहे जी मला फार आवडते. साधारण वाईनमध्ये पहिल्या दाबाचा रस सगळ्यात चांगला धरतात, नंतरचा हलका. दिकेमला उलट, पहिल्या दाबात कमी आक्रसलेल्या मण्यांचा रस सुटतो आणि जे मणी पार सुकलेत ते शेवटपर्यंत रस सोडत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दाबाचा रस सर्वात गोड, सर्वात दाट, थेंब थेंब येतो. म्हणून तीन-चार वेळा दाबतात, मधे चोथा मोकळा करून.

रस २२५ लिटरच्या नव्या ओक पिंपात जातो, त्या त्या दिवसाची तोडणी वेगळी ठेवून, आणि तिथेच आंबतो. अल्कोहोल साडेतेरा-चौदा टक्क्यांवर गेलं की यीस्टचा दम संपतो आणि उरलेली साखर तशीच राहते, लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅम, वर्षागणिक थोडं इकडे तिकडे. मग दोनेक वर्षं पिंपात, पूर्वी तीन वर्षं किंवा त्याहून जास्त ठेवायचे. या काळात पिंपं सतत भरत राहायची कारण लाकडातून वाईन उडत असते, दर काही महिन्यांनी गाळ खाली सोडून वरची वाईन दुसऱ्या पिंपात घ्यायची. शेवटी प्रत्येक पिंप चाखतात आणि जे पसंत नाही ते नावाखाली जात नाही.

वेलींचं म्हणाल तर द्राक्षाच्या दोन जाती, पाऊण हिस्सा सेमियों, पाव हिस्सा सोविन्यों ब्लां. सेमियोंची साल पातळ, बुरशीला सोपी, वाईनचा भरीवपणा तिचाच. सोविन्यों वासाला आणि आंबटपणाला. जमीन ११३ हेक्टर पण उत्पादनात शंभरच्या आसपास, कारण दर वर्षी थोड्या जुन्या वेली उपटून जमीन पडीक ठेवतात आणि नव्या वेलींची फळं बरीच वर्षं दिकेममध्ये घेत नाहीत. एकोणिसाव्या शतकात या टेकाडाच्या चिकणमातीखाली पाणी काढायला मातीच्या नळ्या टाकल्यात, एकूण लांबी शंभर किलोमीटरच्या घरात! आपल्याकडे शंभर किलोमीटरचा रस्ता व्हायला किती वर्षं लागतात ते सोडूनच द्या.

धंदा कसा चालतो? भाव तसा आहे म्हणून. नव्या वर्षाची एक बाटली तिकडेच चारशे युरोच्या घरात जाते.

ठाण्याहून एक वाचक (वय ६१): यात साखर वरून घालतात का? मला डायबेटिस आहे, मुलगा आणणार म्हणतोय.

वरून घालत नाहीत, सगळी द्राक्षाचीच. पण काका, शरीराला ती कुठून आली याने फरक पडत नाही. लिटरला सव्वाशे ग्रॅम म्हणजे ७५ मिलीच्या छोट्या ग्लासात नऊ-साडेनऊ ग्रॅम साखर, वर अल्कोहोल. औषध चालू असेल तर हे डॉक्टरांना विचारायचं, मला नाही. मुलाला म्हणावं बाटली आण, मी वास घेईन. वासातच निम्मं आहे, खरंच.

साताऱ्याहून इतिहासाचे एक शिक्षक: या बागेचा इतिहास सांगाल का? कुणी रशियन राजपुत्राने प्रचंड किंमत दिली असं ऐकलं. आणि १८५५ साली कसली यादी झाली होती?

सर, इथे एका बाईची गोष्ट आहे आणि ती तुमच्या वर्गात सांगण्यासारखी आहे.

मध्ययुगात हा सगळा मुलूख इंग्लंडच्या राजाकडे होता, कारण तोच आक्वितेनचा, म्हणजे याच मुलखाचा, ड्यूक होता, १४५३ मध्ये तो फ्रान्सच्या राजाकडे आला. १५९३ मध्ये जाक सोव्हाज नावाच्या स्थानिक माणसाला दिकेमची वहिवाट मिळाली, आणि १७११ मध्ये या सोव्हाज घराण्याकडे पूर्ण मालकी आली. म्हणजे वहिवाटीपासून मालकीपर्यंत सव्वाशे वर्षांच्या आसपास, कूळकायद्याशिवाय.

१७८५ मध्ये या घराण्याची मुलगी जोसेफीन हिचं लग्न काउंट लुई-आमेदे द ल्यूर-साल्यूसशी झालं. तीन वर्षांत नवरा घोड्यावरून पडून गेला. ही वीस वर्षांची, पदरात पोरं, आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती. उमराव घराणं म्हणजे त्या दिवसांत सरळ गिलोटिनची वाट, तिला दोनदा तुरुंगात टाकलं, पण बाई सुटली आणि बाग हातची जाऊ दिली नाही. पुढे मुलगाही तिच्याआधी गेला. पण कारभार तिने साठ वर्षांहून जास्त हातात ठेवला. १८२६ मध्ये तिने बागेत वाईन ठेवायची मोठी इमारत बांधली, तेव्हा लोकांना हा नसता खर्च वाटला असणार. वेचून तोडणी, ठराविक वेली, दूर देशी गिऱ्हाईक, या सगळ्याला शिस्त तिच्या काळात लागली. आपल्याकडे अहिल्याबाईंचं नाव घेताना जसा आवाज बदलतो तसा बोर्दोत जोसेफीनचं नाव घेताना बदलतो की नाही मला माहीत नाही, पण बदलायला हवा.

थॉमस जेफरसन, जो पुढे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत होता. १७८७ मध्ये तो बोर्दोला फिरून आला आणि त्याच वर्षी त्याने १७८४ सालच्या दिकेमच्या २५० बाटल्यांची ऑर्डर दिली. पुढे १७९० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनसाठी ३० डझन आणि स्वतःसाठी १० डझन मागवल्या. नव्या देशाची तिजोरी तेव्हा काय हालात होती ते तुम्ही मुलांना सांगताच, तरी वाईन थांबली नाही.

जोसेफीन १८५१ मध्ये वारली आणि अवघ्या चार वर्षांनी ती यादी झाली. तिसऱ्या नेपोलियनने १८५५ मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरवलं, त्यासाठी बोर्दोच्या वाईनची प्रतवारी हवी होती. ती कुणी पंडितांनी चाखून नाही केली, दलालांनी केली, आणि निकष सरळ होता: बाजारात इतकी वर्षं भाव कुणाला मिळतोय. लाल वाईनमध्ये लाफित, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियों असे चार पहिल्या वर्गात आले. (हो, लातूर. आमच्या ऑफिसात या नावावर दर वेळी कोणीतरी हसतंच.) गोड पांढऱ्या वाईनमध्येही पहिला वर्ग, दुसरा वर्ग झाला, पण दिकेमसाठी पहिल्याच्याही वर एक वेगळा वर्ग केला आणि त्यात एकटं दिकेम. आजही एकटंच आहे.

आणि रशियन राजपुत्र म्हणजे झारचा भाऊ ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिन. १८५९ मध्ये त्याने १८४७ सालच्या वाईनच्या एका तोनोला, म्हणजे चार पिंपं, ९०० लिटर, २०,००० सोन्याचे फ्रँक मोजले. त्या काळी ही बातमी युरोपभर झाली. याच १८४७ सालाशी जोडून एक दंतकथा सांगतात, मालक रशियात अडकला, मी येईपर्यंत तोडू नका असं सांगून गेलेला, आला तोवर द्राक्षं कुजलेली, आणि तीच दाबली तर अमृत निघालं. गोष्ट छान आहे पण पटत नाही. जेफरसनने साठ वर्षं आधी मागवलेली वाईन काय होती मग? आणि हंगेरीत टोकाय नावाच्या भागात तर कुजलेल्या मण्यांची वाईन त्याच्याही बरीच आधीपासून होत होती. असल्या गोष्टी बहुतेक प्रसिद्ध पदार्थांच्या मागे चिकटवलेल्या असतात, कुणीतरी विसरलं आणि शोध लागला. इथे कोणी विसरलं नव्हतं, उलट फार लक्ष ठेवून होते.

ल्यूर-साल्यूस घराण्याने दोनशे वर्षं बाग चालवली. शेवट मात्र आपल्याकडच्या वाड्यांसारखाच, भाऊबंदकी. १९९६ मध्ये नातेवाइकांनी आपले हिस्से एलव्हीएमएच या लक्झरी कंपनीला विकले, जिच्याकडे लुई व्हितों, मोएत शॅम्पेन वगैरे आहे. कारभार बघणारे काउंट आलेक्सांद्र कोर्टात गेले, तीन वर्षं भांडण चाललं, १९९९ मध्ये मिटलं. ते २००४ पर्यंत राहिले, मग प्येर ल्यूर्तों आले.

कोल्हापूरहून एक वाचक: ओळखीतून एकजण शातो दिकेम १९९२ ची सीलबंद बाटली विकायला तयार आहे. म्हणतो दुर्मिळ आहे, बाहेर मिळणार पण नाही. एक लाखात देतो. भाऊ म्हणतो गुंतवणूक म्हणून घे. घ्यावी का?

भाऊ, बाहेर मिळणार नाही हे तो अगदी खरं बोलला. कारण दिकेमने १९९२ ची वाईन काढलीच नाही.

घेऊ नका, फोन ठेवून द्या. फक्त एकदा लेबल नीट बघा, कारण दिकेमचीच एक दुसरी वाईन आहे, १९५९ पासून निघते, लेबलवर नुसतं वाय अक्षर, म्हणतात इग्रेक. ती गोड नाही, सुकी पांढरी वाईन, भाव कितीतरी कमी. त्यावर सोतेर्न लिहिलेलं नसतं. बाटलीवर शातो दिकेम, सोतेर्न, १९९२ असं तिन्ही असेल तर ती बनावट, बाकी चर्चा नाही.

आता हे कसं काय, तर खराब वर्षी दिकेम त्या नावाने एकही बाटली काढत नाही. विसाव्या शतकात असं नऊ वेळा झालं: १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२. नंतर २०१२. म्हणजे द्राक्षं तोडलेली, मजुरी दिलेली, पिंपात भरलेली, वर्षभराचा खर्च झालेला, आणि चाखून ठरवायचं की नाही, हे आपल्या नावाला शोभत नाही. ती वाईन मग नाव न लावता व्यापाऱ्यांना ठोकमध्ये जाते. २०१२ ला तर मालक मोठी कंपनी होती, शेअर बाजारात नोंदलेली, लोकांना वाटत होतं आता हे लाड बंद होणार, पण त्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं की या वर्षी दिकेम नाही. मला विचाराल तर चारशे युरोतले निम्मे या दहा वर्षांचे आहेत. बुरशी सोतेर्नमध्ये शेजारच्या बागांवरही तीच येते, धुकं तेच, आणि त्यांची वाईन चांगली असते, पण अख्खं वर्ष सोडून द्यायची ताकद आणि हिंमत सगळ्यांना परवडत नाही. शेजाऱ्यांना दोष नाही, त्यांनी असं केलं तर बँक दारात येईल.

गुंतवणुकीचं म्हणाल तर जुनी दिकेम खरंच महाग जाते. २०११ मध्ये लंडनला १८११ सालची एक बाटली ७५,००० पौंडांना गेली, पांढऱ्या वाईनचा तेव्हाचा विक्रम. घेणारा फ्रेंच, त्याला बालीत आपल्या रेस्टॉरंटमध्ये ठेवायची होती. पण अशा बाटलीमागे कागद असतात, कुठल्या तळघरात किती वर्षं होती त्याचा माग असतो. कोल्हापूरच्या मे महिन्यात कपाटात उभी राहिलेली बाटली, खरी असली तरी, गुंतवणूक नाही.

तुलूझहून एक वाचक: आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं इथे आहोत, विमान कंपनीतल्या नोकऱ्यांमुळे. दिकेम बघायला जाता येतं का, की नुसतं गेटबाहेरून फोटो?

येतं. आधी बुकिंग करून पैसे भरायचे, आत फिरवतात आणि शेवटी थोडी चाखायला देतात. तुमच्याकडून हायवेने दोनेक तास, लांगों गावाला उतरायचं. ऑक्टोबरात जा आणि आदल्या रात्री तिकडेच मुक्काम करा, कारण खरी गोष्ट पहाटेची आहे, आठ वाजता टेकाडाखाली धुकं आणि वर वाड्याचे बुरूज, आणि बारा वाजेपर्यंत सगळं लख्ख. तोडणी चालू असेल तर मजुरांच्या परड्यांत डोकावून बघा. मुलं ईई करतील. ओळीत शिरून मणी तोडू नका हे सांगायची गरज नाही, पण सांगते, आपल्याला सवय असते.

नागपूरहून एक वाचक: जावई फ्रान्सहून दिकेम घेऊन येतोय, २००५ ची. दिवाळीत उघडणार आहोत. पुरणपोळीबरोबर जाईल ना? आणि सावजी मटणाबरोबर?

वहिनी, जावई चांगला मिळालाय. आता पुरणपोळी वेगळी आणि वाईन वेगळी ठेवा. गोडाबरोबर गोड वाईन घेतली की पोळी जिंकते आणि वाईन नुसती आंबटसर लागते, एवढे पैसे पाण्यात. करंजी, शंकरपाळे, लाडू, सगळ्यांना हेच लागू. सावजीबरोबर तर नकोच, त्या तिखटात अल्कोहोल जीभ जाळेल आणि मसाल्यापुढे वाईनचा वास कळणार पण नाही.

फ्रेंच लोक ती हंसाच्या किंवा बदकाच्या लिव्हरबरोबर घेतात, नाहीतर रोकफोर चीजबरोबर, ते निळ्या बुरशीचं खारट चीज. त्यातलं मर्म खारटपणा आणि स्निग्धपणा. नागपुरात आता निळं चीज मिळतं, ते आणा, वास सहन होत नसेल तर मीठ लावून भाजलेले बदाम-काजू ठेवा, मस्त जातं. घरात मासे खाणारं कोणी असेल तर नारळाच्या रसातली, कमी तिखट खेकड्याची आमटी करून बघा, हा माझा स्वतःचा अंदाज आहे पण मी त्यावर पैज लावायला तयार आहे.

२००५ चांगलं वर्ष आहे आणि दिकेमसाठी हे काही म्हातारं वय नाही, चांगल्या वर्षाची पन्नास-शंभर वर्षंही टिकते. रंग सोनेरीकडून तांबूसकडे झुकलेला असेल, घाबरू नका, फार जुनी झाली की कोऱ्या चहासारखी गडद होते आणि तरीही चांगली असते. बाटली आल्यावर फ्रिजच्या दारात नको, आत आडवी ठेवा, दारात सारखी हलते. द्यायच्या आधी पंधरावीस मिनिटं बाहेर काढा, दहा-बारा डिग्रीला छान लागते, बर्फासारखी गार केली तर वास मिटतो, आणि बर्फ तर ग्लासात अजिबात टाकू देऊ नका, कोणीतरी काका टाकायला बघतीलच. माणशी पाऊण पेग पुरे, म्हणजे एका बाटलीत बारा-पंधरा जण सहज होतात. संपली नाही तर बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर राहते, साखर जास्त असल्याने लवकर बिघडत नाही. जावयाला पुढच्या वेळी सांगा, याच भागातली शातो सुद्युइरो नाहीतर शातो रियेसेक आण, तीच बुरशी, तेच धुकं, आणि दिकेमच्या एका बाटलीत त्यांच्या चार-पाच येतील.